मुक्त आर्थिक क्षेत्रे

मुक्त आर्थिक क्षेत्रे : देशाच्या राजकीय सीमेच्या आत असूनही सीमाशुल्क, आयकर व उद्योगविषयक निर्बंध यांच्या दृष्टीने ज्यांना उर्वरित देशाहून वेगळे आणि सौम्य नियम लागू केलेले असतात, अशा कायद्याने सीमांकित केलेल्या भूप्रदेशांना मुक्त आर्थिक क्षेत्रे म्हणतात. गोदीतील कुंपण घातलेल्या वखारीपासून संपूर्ण शहर किंवा बेट यांपर्यंत अशा क्षेत्राचा विस्तार कितीही असू शकतो. परदेशी भांडवल व तंत्रज्ञान आकर्षित करणे, निर्यात वाढवून परकीय चलन मिळविणे, रोजगार निर्माण करणे आणि मागास भागाचा विकास साधणे, ही या क्षेत्रांची सर्वसाधारण उद्दिष्टे होत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या गणनेनुसार १९७५ मध्ये २५ देशांत अवघी ७९ निर्यात क्षेत्रे होती. तर संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या (अंक्टाड) २०१९ मधील जागतिक गुंतवणूक अहवालानुसार १४७ अर्थव्यवस्थांत मिळून सर्व प्रकारची सुमारे ५,४०० क्षेत्रे होती व त्यांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या चीनमध्ये होती. दोन्ही गणनांमागील व्याख्या सारख्या नसल्या, तरी वाढीचा वेग त्यांवरून ध्यानात येतो. क्षेत्रासाठी शासनाने सोडलेला महसूल, दिलेली जमीन आणि केलेला खर्च यांच्या बदल्यात समाजाच्या पदरी काय पडले, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

‘मुक्त व्यापार क्षेत्र’ ही संज्ञा मराठीत दोन अर्थांनी वापरली जाते. अनेक देशांनी आपापसांतील व्यापारावरील जकाती करार करून रद्द केल्या, म्हणजे त्या देशांच्या समूहासही मुक्त व्यापार क्षेत्र म्हणतात. यूरोपीय मुक्त व्यापार संघ हे त्याचे उदाहरण. प्रस्तुत नोंदीत तो अर्थ अभिप्रेत नाही. तसेच ‘टॅक्स हेवन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशांत सवलत सबंध देशाला लागू असते आणि प्रत्यक्ष उत्पादन तेथे होतेच असे नाही. मुक्त आर्थिक क्षेत्रात मात्र सवलत विशिष्ट जागेशी व बहुधा प्रत्यक्ष उद्योगाशी निगडित असते.

स्वरूप व कार्यपद्धती : मुक्त क्षेत्राची सर्व यंत्रणा एका कायदेशीर कल्पितावर उभी असते. क्षेत्रात आलेला माल आयात शुल्कापुरता देशाच्या सीमाशुल्क प्रदेशाबाहेर आहे, असे मानले जाते. सीमाशुल्क पद्धतींविषयीच्या क्योटो संकेतात (१९७३, सुधारित १९९९) मुक्त क्षेत्राची हीच व्याख्या स्वीकारलेली आहे. त्यामुळे परदेशातून क्षेत्रात आणलेल्या कच्च्या मालावर, यंत्रांवर वा सुट्या भागांवर शुल्क पडत नाही. पक्का माल परदेशी गेल्यास ते कधीच द्यावे लागत नाही. तोच माल कुंपण ओलांडून देशातील बाजारात आल्यास मात्र ती आयात ठरते व नेहमीप्रमाणे शुल्क भरावे लागते.

या सवलतीचे महत्त्व उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शर्ट शिवण्यासाठी १०० रुपयांचे परदेशी कापड लागते व देशात कापडावर ३० टक्के आयात शुल्क आहे. अशा वेळी देशातील उत्पादकाला कापड १३० रुपयांस पडते, तर परदेशातील प्रतिस्पर्ध्याला ते १०० रुपयांतच मिळते. जागतिक बाजारात किंमत वाढवून हा फरक भरून काढणे शक्य नसते. निर्यात झाल्यावर शुल्काचा परतावा देण्याची पद्धत बहुतेक देशांत आहे. परंतु परतावा मिळेपर्यंत भांडवल अडकून पडते आणि कागदपत्रांचा व्यापही मोठा असतो. मुक्त क्षेत्रात शुल्क मुळातच आकारले जात नसल्याने ही अडचण टळते. आयात शुल्काच्या उंच भिंती उभारणाऱ्या देशांना मुक्त क्षेत्राची गरज अधिक का भासते, हे यावरून समजते. जकाती कमी होत गेल्या, म्हणजे हा लाभही त्या प्रमाणात घटत जातो.

सीमाशुल्काच्या माफीला पुढे इतर सवलतींची जोड मिळाली. ठराविक वर्षे नफ्यावरील आयकर माफ करणे किंवा त्याचा दर कमी ठेवणे, नफा व भांडवल परदेशी नेण्यास मोकळीक देणे, उद्योगाची संपूर्ण मालकी परकीयांकडे राहू देणे, जमीन व वीज स्वस्तात पुरविणे आणि सर्व परवाने एकाच कार्यालयातून देणे, या त्यांपैकी प्रमुख होत. काही देशांनी कामगार कायद्यांतूनही सूट दिली व तीच पुढे सर्वाधिक वादाचा विषय झाली.

प्रकार : (१) मुक्त बंदर : संपूर्ण बंदर वा बंदराचे शहर शुल्कमुक्त असते व तेथील रहिवाशांनाही त्याचा लाभ मिळतो. (२) मुक्त व्यापार किंवा वखार क्षेत्र : येथे माल साठविणे, प्रतवारी करणे, बांधणी बदलणे व पुनर्निर्यात करणे हेच मुख्य व्यवहार असतात. पनामा कालव्याच्या मुखाशी १९४८ मध्ये स्थापन झालेले कोलोन क्षेत्र या प्रकारचे आहे. (३) निर्यात प्रक्रिया क्षेत्र : कुंपणाने वेढलेली, मुख्यतः निर्यातीसाठी उत्पादन करणारी औद्योगिक वसाहत. (४) विशेष आर्थिक क्षेत्र : कारखान्यांबरोबर निवास, व्यापार व सेवा यांचाही समावेश असलेला विस्तृत प्रदेश. (५) वित्तीय व सेवा क्षेत्र : बँका, विमा, संगणकीय सेवा इत्यादींसाठी राखलेले क्षेत्र; दुबईचे आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र (२००४) आणि गांधीनगरजवळील गिफ्ट सिटी ही याची उदाहरणे होत. दुबईच्या केंद्रात इंग्लिश कॉमन लॉच्या धर्तीवरील स्वतंत्र न्यायालयेही आहेत.

याही पलीकडे जाऊन होंडुरास या मध्य अमेरिकी देशाने २०१३ च्या कायद्याने काही क्षेत्रांना स्वतःचे प्रशासन व न्यायव्यवस्था ठेवण्याचे अधिकार दिले. देशाच्या सार्वभौमत्वाचा भंग होतो या कारणावरून त्यास तीव्र विरोध झाला. तेथील संसदेने २०२२ मध्ये तो कायदा रद्द केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. दरम्यान एका गुंतवणूकदार कंपनीने होंडुरासविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे सु. १,०७० कोटी डॉलरांचा दावा दाखल केला. एकदा दिलेली सवलत परत घेणे शासनाला किती अवघड जाते, हे यावरून दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शुल्कमाफी देऊन व्यापार आपल्याकडे वळविण्याची कल्पना फार जुनी आहे. इ. स. पू. १६६ मध्ये रोमन सत्तेने ईजियन समुद्रातील डीलॉस बेट अथेन्सच्या स्वाधीन करून ते करमुक्त बंदर म्हणून घोषित केले. रोड्झ बेटाची व्यापारी सत्ता खच्ची करणे हा त्यामागील एक हेतू होता. पॉलिबिअस या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार रोड्झचे बंदर उत्पन्न १० लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आले. एका ठिकाणी दिलेल्या सवलतीची किंमत दुसऱ्या ठिकाणच्या तिजोरीला मोजावी लागते, हा या इतिहासातील पहिलाच धडा म्हणता येईल.

मध्ययुगाच्या अखेरीनंतर इटलीत या कल्पनेचे पुनरुज्जीवन झाले. टस्कनीचा ग्रँड ड्यूक पहिला फेर्डिनान्डो दे मेदिची याने १५९१ व १५९३ मध्ये फर्माने काढून सर्व राष्ट्रांच्या व धर्मांच्या व्यापाऱ्यांना लिव्होर्नो येथे वसाहतीचे आमंत्रण दिले आणि त्यांना धर्मस्वातंत्र्य व जीवितवित्ताची हमी दिली. लिव्होर्नोच्या भरभराटीत करसवलतीइतकाच या हमीचाही वाटा होता. पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने १७१९ मध्ये त्रिएस्त व फ्यूमे ही बंदरे मुक्त केली. ब्रिटिशांनी आपल्या सागरी मार्गांवर जिब्राल्टर (१७०६), सिंगापूर (१८१९), हाँगकाँग (१८४१) व एडन (१८५०) येथे मुक्त बंदरे स्थापिली. यांपैकी एडनचा कारभार त्या काळी मुंबई इलाख्यातून चाले. जर्मनीतील हँबर्ग शहर १८८८ मध्ये साम्राज्याच्या सीमाशुल्क प्रदेशात सामील झाले, तेव्हा बंदराचा एक भाग मुक्त राखण्यात आला. यूरोपीय संघातील जकाती उतरल्यावर कुंपणाचा उपयोग कमी व अडचण अधिक होऊ लागली, म्हणून १ जानेवारी २०१३ पासून तो दर्जा रद्द करण्यात आला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी महामंदीच्या काळात १९३४ मध्ये परकीय व्यापार क्षेत्रांचा कायदा संमत केला व त्यानुसार पहिले क्षेत्र १९३७ मध्ये न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथे सुरू झाले.

शॅनन व निर्यात प्रक्रिया क्षेत्रांचा उदय : आधुनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा आरंभ आयर्लंडमधील शॅनन विमानतळाच्या परिसरात झाला, असे सामान्यतः मानले जाते. अटलांटिक महासागर ओलांडणारी विमाने इंधन भरण्यासाठी या विमानतळावर उतरत. तेथील खानपान व्यवस्थेचे प्रमुख ब्रेंडन ओरेगन यांनी १९४७ मध्ये प्रवाशांसाठी शुल्कमुक्त दुकान सुरू केले होते. लांब पल्ल्याची जेट विमाने आल्यावर शॅननला थांबण्याची गरज उरणार नाही, हे १९५० नंतर स्पष्ट होऊ लागले. विमानतळावर अवलंबून असलेल्या लोकांचा रोजगार वाचविण्यासाठी ओरेगन यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये एक विकास कंपनी स्थापन झाली आणि विमानतळालगत करसवलतीचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. कारखान्यांच्या तयार इमारती, कामगारांसाठी वसविलेले नवे गाव आणि निर्यातीवरील नफ्यास करमाफी अशी ही एकत्रित योजना होती. पुढे निर्यातदारांना वेगळी वागणूक देण्यास यूरोपीय समुदायाने हरकत घेतल्यावर आयर्लंडने सवलतीचे रूप टप्प्याटप्प्याने बदलले आणि २००३ पासून सर्व देशभर व्यापारी नफ्यावर १२.५ टक्के असा सरसकट दर ठरविला.

शॅननचे अनुकरण विकसनशील देशांत झपाट्याने झाले. भारतातील कांडला (१९६५), तैवानमधील काउश्युंग (१९६६), दक्षिण कोरियातील मासान (१९७०), मलेशियातील पेनांग (१९७२) आणि श्रीलंकेतील कटुनायके (१९७८) ही त्यांपैकी काही होत. मेक्सिकोने १९६५ पासून अमेरिकेच्या सीमेलगत माकिलादोरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुळणी कारखान्यांना अशाच सवलती दिल्या.

चीनमधील विशेष आर्थिक क्षेत्रे : माओनंतरच्या आर्थिक सुधारणांच्या काळात चीनने १९८० मध्ये शेंजेन, झूहाय, शांटौ व श्यामेन या चार ठिकाणी विशेष आर्थिक क्षेत्रे स्थापिली, १९८८ मध्ये हायनान बेटाची त्यांत भर पडली. या ठिकाणांची निवड सहेतुक होती. शेंजेन हाँगकाँगला लागून, झूहाय मकावजवळ, श्यामेन तैवानसमोर, तर शांटौ हे आग्नेय आशियात स्थायिक झालेल्या अनेक चिनी व्यापाऱ्यांचे मूळ स्थान. कंपन्यांच्या नफ्यावर या क्षेत्रांत १५ टक्के कर असे. देशातील सर्वसाधारण दर त्याच्या दुपटीहून अधिक होता.

तथापि केवळ कमी कर हे चिनी क्षेत्रांचे वैशिष्ट्य नव्हे. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत नव्या पद्धतींची चाचणी घेण्याच्या त्या प्रयोगशाळा होत्या. कंत्राटी नोकरी, बांधकामासाठी स्पर्धात्मक निविदा, जमिनीच्या वापरहक्काची विक्री यांसारख्या गोष्टी तेथे आधी करून पाहण्यात आल्या. शेंजेन येथे १ डिसेंबर १९८७ रोजी जमिनीच्या वापरहक्काचा जाहीर लिलाव झाला व पुढच्याच वर्षी अशा हस्तांतरणास मुभा देणारी दुरुस्ती चीनच्या संविधानात करण्यात आली. क्षेत्रे ही परकीय सत्तांच्या जुन्या सवलत प्रदेशांची पुनरावृत्ती आहे, अशी टीका पक्षांतर्गत होत असताना दंग श्यावफिंग यांनी १९९२ च्या दक्षिण दौऱ्यात त्यांचे जाहीर समर्थन केले. सुमारे तीन लाख वस्तीच्या परगण्यातून वाढलेल्या शेंजेनची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १ कोटी ७५ लाखांवर गेली. परदेशी व देशी कंपन्यांसाठी २५ टक्के असा एकच कर दर २००८ पासून देशभर लागू झाला. पुढे २०१० मध्ये क्षेत्राची हद्द सबंध शेंजेन शहरापर्यंत वाढविण्यात आली व क्षेत्राला देशापासून वेगळे करणारी कुंपणाची सीमा २०१८ मध्ये औपचारिक रीत्या रद्द झाली. चारही क्षेत्रांना सवलती सारख्या असूनही शांटौची प्रगती शेंजेनच्या तुलनेने फारच मर्यादित राहिली, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

जेबेल अली : संयुक्त अरब अमीर राज्यांतील दुबई येथे जेबेल अली हे कृत्रिम बंदर बांधल्यानंतर १९८५ मध्ये त्यालगत मुक्त क्षेत्र स्थापन झाले. देशात इतरत्र कंपनीतील ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाकडे असणे आवश्यक असताना या क्षेत्रात संपूर्ण परकीय मालकीस मुभा होती. बहुतेक व्यवसायांसाठी ही अट २०२१ पासून शिथिल झाल्याने क्षेत्राचे ते वेगळेपण कमी झाले. देशात २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर ९ टक्के कर सुरू झाला. मुक्त क्षेत्रातील पात्र उत्पन्नाला मात्र शून्य दर ठेवण्यात आला.

लाभ व खर्च : पीटर वॉर या ऑस्ट्रेलियन अर्थशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात आशियातील चार निर्यात क्षेत्रांचा सामाजिक लाभ-खर्चाच्या दृष्टीने अभ्यास केला. मासान, पेनांग व जाकार्ता येथे लाभ खर्चाहून अधिक ठरले. फिलिपीन्समधील बातान क्षेत्रात मात्र ते कमी भरले. बातान हे मानिलापासून दूर, डोंगराळ भागात निवडलेले असल्यामुळे रस्ते, वीज, पाणी व घरे यांवर शासनाला प्रचंड खर्च करावा लागला. सेनेगलमधील डाकार येथे १९७४ मध्ये सुरू झालेले क्षेत्रही महाग वीज व किचकट प्रशासकीय अटी यांमुळे रखडले. याउलट, मॉरिशसने १९७० च्या कायद्याने सबंध बेटावर कोठेही निर्यात कारखाना काढण्यास मुभा दिली. लोमे करारामुळे (१९७५) यूरोपची बाजारपेठ शुल्काविना खुली झाली, हाँगकाँगच्या वस्त्रोद्योजकांनी भांडवल आणले आणि स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर रोजगार मिळाला. त्यामुळे केवळ उसावर अवलंबून असलेल्या या बेटाचे आर्थिक स्वरूप पालटले. २००६ मध्ये मॉरिशसने १५ टक्के असा समान कर दर स्वीकारून निर्यात उद्योग व इतर उद्योग यांतील भेद काढून टाकला.

या उदाहरणांवरून असे दिसते, की करमाफी हे उद्योजकाच्या निर्णयाचे एक कारण असले, तरी ते बहुधा निर्णायक नसते. नफा होत नसेल, तर नफ्यावरील करमाफीला अर्थ राहत नाही. बंदराचे सान्निध्य, खात्रीची वीज, प्रशिक्षित कामगार, स्थिर कायदे व बाजारपेठेत प्रवेश या गोष्टी प्रथम लागतात. शिवाय क्षेत्रातील कारखाने कच्चा माल आयात करून पक्का माल निर्यात करीत राहिले आणि देशी उद्योगांकडून फारसे काही खरेदी केले नाही, तर त्यांचा लाभ मजुरीपुरताच मर्यादित राहतो. सवलतीची मुदत संपताच कारखाना दुसऱ्या देशी हलविण्याचा धोकाही असतो. बनावट मालाची वाहतूक, करचुकवेगिरी व काळ्या पैशांचे व्यवहार यांसाठी ढिल्या देखरेखीच्या क्षेत्रांचा उपयोग होतो, याकडे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) वेळोवेळी लक्ष वेधले आहे.

कामगारांची स्थिती : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००७ मधील एका गणनेनुसार १३० देशांतील सु. ३,५०० क्षेत्रांत ६ कोटी ६० लाख कामगार होते. वस्त्रे व इलेक्ट्रॉनिकी जुळणी या उद्योगांत त्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. या नोकऱ्यांमुळे अनेक स्त्रियांना प्रथमच स्वतःचे रोख उत्पन्न मिळाले, हे खरे. परंतु कामाचे दीर्घ तास, नोकरीची अशाश्वती आणि संघटना स्थापण्यावरील बंधने ही त्याची दुसरी बाजू होय. बांगला देशातील निर्यात क्षेत्रांत कामगारांसाठी वेगळा कायदा असून दीर्घकाळपर्यंत तेथे कामगार संघटनांना मज्जाव होता. शेंजेन शहराच्या हद्दीतील खेळण्यांच्या एका कारखान्यास नोव्हेंबर १९९३ मध्ये आग लागली, तेव्हा दारे बंद व खिडक्यांना गज असल्याने ऐंशीहून अधिक कामगार, बहुतेक सर्व स्थलांतरित स्त्रिया, मृत्युमुखी पडल्या. या दुर्घटनेनंतर चीनमध्ये कामगार संरक्षणाच्या कायद्याची निकड तीव्रतेने जाणवली व १९९४ मध्ये राष्ट्रीय कामगार कायदा संमत झाला.

भारत : फाळणीमुळे कराची बंदर पाकिस्तानात गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावर कांडला बंदराचा विकास करण्यात आला व तेथे १९६५ मध्ये आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. मात्र औद्योगिक केंद्रांपासूनचे अंतर आणि निरनिराळ्या खात्यांकडून घ्यावे लागणारे परवाने यांमुळे त्याची वाढ मंद राहिली. देशभर चालू असलेल्या परवाना पद्धतीतून कुंपणाच्या आतही पुरती सुटका नव्हती. मुंबईत अंधेरी येथे १९७३ मध्ये ‘सीप्झ’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे सांताक्रूझ क्षेत्र इलेक्ट्रॉनिकी उद्योगासाठी स्थापन झाले. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे रत्ने व दागिने यांच्या उद्योगालाही प्रवेश मिळाला. विमानतळाचे सान्निध्य व शहरातील कुशल कारागीर यांमुळे हलक्या वजनाच्या पण मौल्यवान मालाला हे ठिकाण सोयीचे ठरले. पुढे नोएडा, चेन्नई, कोचीन, फाल्टा व विशाखापटनम् येथेही क्षेत्रे निघाली.

चीनच्या अनुभवाच्या प्रभावाखाली भारताने एप्रिल २००० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण जाहीर केले. विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम २००५ मध्ये संमत होऊन १० फेब्रुवारी २००६ पासून अंमलात आला. या कायद्याने खाजगी विकसकांनाही क्षेत्र उभारण्यास मुभा मिळाली. क्षेत्रातील उद्योगांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण व पुढील पाच वर्षे निम्मी आयकर माफी देण्यात आली. त्यापुढील पाच वर्षे पुन्हा गुंतविलेल्या नफ्यावर निम्मी माफी होती. परिणामी अल्पावधीत शेकडो प्रस्ताव मंजूर झाले. त्यांत माहिती तंत्रज्ञानाच्या लहान क्षेत्रांचे प्रमाण सर्वाधिक होते. पुण्याजवळील हिंजवडी येथील क्षेत्रे याच वर्गातील आहेत.

भूसंपादनाच्या प्रश्नावर मात्र या धोरणाला जबरदस्त विरोध झाला. पश्चिम बंगालमधील नंदिग्राम येथे नियोजित रासायनिक क्षेत्राच्या विरोधातील आंदोलनात १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर एप्रिल २००७ मध्ये केंद्र शासनाने क्षेत्राच्या आकारावर ५,००० हेक्टरांची कमाल मर्यादा घातली व राज्यांनी क्षेत्रांसाठी सक्तीने भूसंपादन करू नये, असे ठरविले. गोव्यात व्यापक जनआंदोलनानंतर मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी ३१ डिसेंबर २००७ रोजी राज्यातील क्षेत्रे रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. रायगड जिल्ह्यात महामुंबई क्षेत्राच्या विरोधात एन्. डी. पाटील प्रभृतींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत अजमावले. पुढे तो प्रकल्प बारगळला. ज्या भातशेतीसाठी धरणाचे पाणी मिळावयाचे होते, तीच शेती क्षेत्रासाठी मागितली जात होती. हा तेथील वादाचा गाभा होता.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१४ मधील अहवालात २००६-०७ ते २०१२-१३ या काळात क्षेत्रांना मिळालेल्या करसवलतींचा आकडा ८३,१०४ कोटी रुपये असा दिलेला आहे. अधिसूचित ४५,६३५ हेक्टर जमिनीपैकी सु. ६२ टक्के जमिनीवरच प्रत्यक्ष कामकाज सुरू झाल्याचे आणि काही ठिकाणी सार्वजनिक हितासाठी संपादन केलेली जमीन नंतर अन्य कारणांसाठी वळविल्याचेही त्यात नमूद आहे. शासनाने २०११ पासून क्षेत्रांना किमान पर्यायी कर लागू केला व २०२० मध्ये नव्या उद्योगांना आयकर माफी देणे बंद केले. त्याआधी २०१९ मध्ये देशातील कंपन्यांचा सर्वसाधारण कर दरच २२ टक्के व नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के असा खाली आणण्यात आल्याने क्षेत्रांचे आकर्षण कमी झाले होते. बाबा कल्याणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये निर्यातीऐवजी रोजगार व आर्थिक विकास यांवर आधारलेल्या क्षेत्रांची शिफारस केली.

आंतरराष्ट्रीय नियमन : जागतिक व्यापार संघटनेच्या अर्थसाहाय्यविषयक करारानुसार निर्यातीच्या अटीवर दिलेले अर्थसाहाय्य निषिद्ध आहे, फक्त अल्प दरडोई उत्पन्नाच्या देशांना त्यातून सूट मिळते. अमेरिकेच्या तक्रारीवरून नेमलेल्या तज्ञमंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये भारताच्या विशेष आर्थिक क्षेत्र योजनेतील सवलती या कराराशी विसंगत ठरविल्या. भारताने त्यावर अपील केले. परंतु अपील मंडळाचे काम त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ठप्प झाले.

याहून दूरगामी बदल किमान कराच्या कल्पनेने घडविला. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय निगमांवर प्रत्येक देशात किमान १५ टक्के कर असावा, या तत्त्वास मान्यता दिली. वार्षिक उलाढाल ७५ कोटी यूरो किंवा त्याहून अधिक असलेल्या उद्योगसमूहांना हा नियम लागू होतो. एखाद्या क्षेत्रात कर त्याहून कमी पडल्यास उरलेली रक्कम दुसरा देश वसूल करू शकतो. अशा स्थितीत क्षेत्राने दिलेली करमाफी निगमाला न मिळता परक्या तिजोरीत जाते. यूरोपीय संघात हे नियम २०२४ पासून अंमलात आले आणि संयुक्त अरब अमीर राज्यांनी १ जानेवारी २०२५ पासून मोठ्या निगमांसाठी १५ टक्के देशांतर्गत किमान कर सुरू केला. अमेरिकेने मात्र २०२५ मध्ये आपल्या निगमांना या व्यवस्थेतून वगळण्याची भूमिका घेतली.

मूल्यमापन : मुक्त आर्थिक क्षेत्र हा मुळात शासनाने आपल्याच कायद्याला केलेला अपवाद होय. हा अपवाद कशासाठी व किती काळ, याचे उत्तर ज्या देशांनी निश्चित ठेवले, त्यांना त्याचा लाभ झाला. आयर्लंड, मॉरिशस व चीन या देशांच्या इतिहासात एक समान सूत्र आढळते : क्षेत्रात पारखलेल्या पद्धती कालांतराने सर्व देशात नेण्यात आल्या, कर दर एकसारखे झाले आणि क्षेत्र व देश यांतील भेद पुसट होत गेला. याउलट जेथे क्षेत्र हे देशातील दोषांपासून दूर पळण्याची केवळ वाट ठरले, तेथे सवलत उपभोगणारे थोडे आणि तिचा भार वाहणारे बहुसंख्य अशी स्थिती निर्माण झाली. म्हणून एखाद्या क्षेत्राचे यश त्याच्या कुंपणाआतील निर्यातीच्या आकड्यांवरूनच नव्हे, तर जमीन देणारा शेतकरी, तेथे राबणारा कामगार व कर भरणारा नागरिक यांना त्यापासून काय मिळाले, यावरूनही ठरवावे लागते.